आईच्या टेबलाशेजारचं टेबल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मोठे डॉक्टर आणि पाहुणे, आईच्या सहकारी परिचारिका, औषधाच्या खिडकीतले काका आणि हातातलं काम बाजूला ठेवून आलेले तुम्ही सर्वजण, माझा नमस्कार.

तुमच्या मोठ्या सिस्टर आज निवृत्त होत आहेत. त्यांच्या इथल्या कामाबद्दल तुम्ही भरभरून बोललात. मी त्यांची मुलगी, त्यामुळे घरातलं तेवढं सांगते.

बाहेर, रुग्ण जिथे थांबतात त्या बाकाच्या दोन्ही टोकांना आज दोन लाकडी टेबलं दिसली ना? ती आम्ही दोघींनी घरी केली. आईला हे काम तिच्या वडिलांनी शिकवलं, मला आईने. "आधीच आजारी, त्यात पिशवी मांडीवर घेऊन का ताटकळायचं?" हे तिचं नेहमीचं म्हणणं. म्हणून जाताना टेबलं द्यायची ठरली. एक ती करणार, एक मी. अट एकच, जोडी शोभली पाहिजे.

माझ्या फळीचा एक कोपरा मला केसभर उंच वाटला. मी रंधा मारला. मग समोरचा उंच वाटला. तिथे मारला. बाबा म्हणाले, "टेबल करतेयस की पुठ्ठा?"

फळी सपाट झाली, पण आईच्या फळीपेक्षा चांगलीच पातळ झाली. तसं दुसरं लाकूड घरात नव्हतं. मी रडकुंडीला आले. म्हटलं, "आई, दोन्ही तूच कर. चार लोकांत तुझी मान खाली जायला नको."

आईने माझी फळी डोळ्यांसमोर आडवी धरली. "सपाट मात्र सुरेख झालीय," म्हणाली, आणि स्वतःच्या तयार फळीवर रंधा चालवायला लागली.

"अगं, तुझी चांगली आहे की!" बाबा ओरडले.

"जोडीतलं एकच जाड राहून कसं चालेल?"

मग दोन्ही टेबलांना एकाच फडक्याने तेलाचा हात, वाळलं की पॉलिशपेपर, पुन्हा तेल. खालच्या बाजूलासुद्धा. "खालून कोण बघणार आहे?" असं बाबांनी विचारलं, तर आई म्हणाली, "रांगणारी पोरं."

आज सकाळी टेबलं गाडीत चढवताना ती थबकली. दोन्हींवरून हात फिरवला, परत फिरवला आणि म्हणाली, "यातलं माझं कुठलं गं?"

तुम्ही म्हणाल, लेकीचं मन राखलं. पण सिस्टरना तुम्ही ओळखत नाही का? सुई दुखणार असेल, तर त्या "दुखेल" असंच सांगतात.

तिचं कुठलं, ते मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.

मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मान देण्यात, नावं घेण्यात माझ्याकडून काही राहिलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

आणि आई, बाहेर गेल्यावर पुन्हा विचारू नकोस. मी सांगणार नाही.