शिवेच्या दगडापल्याड

नाय म्हटलं ना गो, नाय बगितला मी तुज्या नवऱ्याला! तो फोटू ठेव पिशवीत. कशेडीच्या घाटात महिन्याला एक तरी ट्रक खाली जातो — आमी काय सगळ्या डायवरांची तोंडं ध्यानात ठेवायची? आनि तो गावला शिवेच्या दगडापल्याड. तिकडं जिल्हा दुसरा, पोलीस दुसरे, तिकडं इचार. तिकडूनच आलीस? त्यांनीच धाडली? वाटलंच मला. ट्रक आमच्या अंगाला नि मानूस पल्याड कसा — गेला असंल चालत. पाय मोडलेला? मग सरपटत गेला असंल. काय बोलतेस, ओढत नेला? कुनी ओढला नाय हां त्याला! घोंगडीत घालून नेला चौघांनी, नीट —

बस. बस आता, तोंडातून गेलंच हाय तर ऐक, नि पुना इचारू नको. अकरा घरं ह्या वाडीत, पोरं सगळी मुंबैला. ब्यान्नव साली आमच्या हद्दीत एक मढं गावलं. माज्या दिरानं, महिपतीनं, जाऊन वर्दी दिली — सरळ मानूस ना! वाडीतले सगळे बापे नेले चौकशीला, आठ दिस, ऐन लावनीत. रोपं जाग्यावर पिवळी पडली. महिपती आला तो एका कानानं बहिरा होऊन. तवापास्नं ठरलं — शिवेजवळ कोन गावला तर दगडापल्याड ठेवायचा. पलीकडचे काय देव लागून गेले? तेबी तेच करतात. एक मढं तर दोनदा इकडून तिकडं झालं. तुला राग येतोय? येऊ दे. तुला आठ दिस कुनी बसवलं नाय.

आनि मेलेलाच होता गो तो. मेलेल्याला ही बाजू काय नि ती काय? — पानी? हां, मागितलं. मग दिलं ना! मीच दिलं, ह्या हातानं, दोन घोट. म्हंजे — तवा होता जरा. पन डोळे फिरलेले, घटकाभराचा सोबती, आमाला काय कळत नाय? दवाखान्यात न्यायला गाडी थांबवली असती तर आमचीच नावं लागली असती कागदाला. सकाळचे आठ वाजले होते. घोंगडी माजी होती, ती धुवून घेतली.

काय? पुना बोल. चार वाजता? संध्याकाळच्या? कोन म्हनतं चार वाजेपरेंत जिता होता — डागदर? कागद नको दावू, मला वाचता येत नाय. खोटं हाय ते. दिसभर? मी तिकडंच भात लावत होते, दगडाच्या खालच्या अंगाला, हाकेवर. हाक मारली असती तर आली असती ऐकू. कन्हत होतं कायतरी दुपारी, ते मी म्हटलं शेजारच्या तुळसाचं वासरू अडकलंय कुठं. तुळसालाबी म्हटलं. ती म्हनाली, तिचं वासरू गोठ्यात हाय. तरी मी म्हटलं, वासरूच हाय —

ऊठ. माज्या ओटीवरून ऊठ आधी. रडायचं तर खाली रस्त्यावर जाऊन रड. ऊठ म्हनते ना!