तीन भिंतींची बुरशी

न्हाई सोमेश, सही न्हाई करणार — पेन ठेव खाली. एवढ्यासाठी तू नांदेडहून जळकोटला आलास, कळतं मला. माझ्या गाईडसरांच्या पंच्याहत्तरीचा गौरवग्रंथ, त्यात मराठवाड्यातल्या कुजक्या पानांवरच्या बुरश्यांची यादी, आणि त्यात माझं नाव — 'उमादेवींनाही अर्धापूरला केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटावर हीच जात मिळाली, सरांनी दिलेली ओळख बरोबर ठरली.' बरोबर न्हाई ठरली. कधीच न्हाई.

ये, मायक्रोस्कोपला डोळा लाव. हळू! दोन हजार चारची स्लाईड हाय ती, कडा नेलपॉलिशनं बंद केल्यात. दिसले का तपकिरी, लांबट? ते बीजाणू. आता एकेकाच्या पोटातल्या आडव्या भिंती मोज. किती? मोठ्यानं सांग की! तीन. हाव, तीन. अन् सरांनी सांगितलेल्या जातीला एकच असते. मी तेव्हा दोनशे बीजाणू मोजले — मग वाटलं, चुकले असेन, म्हणून अर्धापूरच्या व्यंकटमामाच्या केळीच्या बागेतून परत वाळकी सोपटं आणली, ओल्या टिपकागदावर झाकून ठेवली, आठ दिवसांनी बघते तर परत तीनच. नवी जात होती रे! कुणी नाव न दिलेली, आपल्या केळीवरची.

गेले प्रबंधातलं बीजाणूचं चित्र घेऊन सरांकडं. सर म्हणाले, पूस त्या जादा भिंतींच्या रेषा — का? तर आधी त्याच बागेतली बुरशी त्यांनी जुन्या नावानं छापलेली, माझं खरं धरलं तर त्यांचं खोटं — काय? सर असं बोलणार न्हाईत म्हणतोस? तू ओळखतोस त्यांना... बरं. न्हाई बोलले. चित्र लई वेळ बघितलं, म्हणाले, "बघ उमा, तू ठरव," अन् चहाला गेले. एवढंच. पीएचडीचा प्रबंध द्यायला महिना राहिलेला, इथल्या कॉलेजातली जागा निघालेली, सासरे म्हणत होते, यंदा संपव न्हाईतर घरी बस. मीच ब्लेड घेतलं. शाईच्या दोन रेषा खरवडल्या, मधली तेवढी ठेवली. सर आले, चित्राखाली सही केली, माझ्याकडं बघितलं न्हाई. अन् मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले, सरांनी पुसायला लावलं म्हणून — आमच्या घरीसुद्धा. तुला कशाला सांगून राहिले, काय माहीत.

एवढीशी बुरशी, कोण बघतंय — असंच ना? मी बघितली ना! दिवाळीत परत अर्धापूरला गेले. व्यंकटमामा न्हाईत आता, त्यांच्या पोरीनं, तनुजानं, सोपटं काढून दिली. तीनच भिंती. पेपर लिहिला, सोमवारी जर्नलला पाठवला. पहिल्याच पानावर लिहिलंय — माझ्या प्रबंधातलं चित्र खोटं हाय, रेषा मी स्वतः खरवडल्या. सरांचं नाव त्या वाक्यात न्हाई. त्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

डिग्री जाईल? जाऊ दे. नोकरी? सात वर्षं राहिलीत, काढतील तर काढू देत, बुरश्या बघायला कुणाची परवानगी लागत न्हाई मला. गौरवग्रंथ छापा खुशाल, फक्त माझं नाव काढ. न्हाई काढलंस तर मी छापील पत्र वाटीन, सत्काराच्या दारात उभी राहून — धमकी समज हवं तर.

आता ऊठ. पोरी आल्यात, प्रॅक्टिकल हाय माझं. ये गं शिवकन्या, बस. सोमेश, खुर्ची दे तिला.