बॉल कुठे गेला?

(मिशिगन सरोवराच्या काठावरचं पोर्ट लॅनिगन. एप्रिलमधली गारठलेली दुपार. गावच्या ‘स्टर्जन्स’ या बेसबॉल संघाची मॅच चालू आहे. तिसऱ्या बेसच्या मागे, बहुतांशी रिकाम्या खुर्च्यांमध्ये, सत्तरी ओलांडलेला कॅझ व्रोबेल आणि त्याची बायको बर्निस एकाच ब्लँकेटमध्ये बसली आहेत. कॅझच्या मांडीवर छोटा रेडिओ आहे, त्यावर याच मॅचची कॉमेंट्री लागली आहे.)

कॅझ : ऐकलंस? ऐकलंस काय म्हणाली ती? ‘आज स्टेडियम छान भरलंय!’

बर्निस : ऐकलं. माझे कान शाबूत आहेत.

कॅझ : भरलंय म्हणे! त्या समोरच्या अख्ख्या भागात एक माणूस आहे. एक! आणि तोही झोपलाय.

बर्निस : जिवंत आहे ना?

कॅझ : मघाशी नाक खाजवलं त्याने. आणि आपल्या संघाचा तो स्टर्जन मासा, माशाच्या कपड्यातला तो पोरगा! कधीपासून मिठी मारायला लहान मुलं शोधत फिरतोय. शेवटी बिचाऱ्याने हॉट डॉगवाल्याला मिठी मारली.

बर्निस : शाळेच्या दिवशी भर दुपारी मॅच ठेवली, तर मुलं येणार कुठून?

कॅझ : ते मालकाला विचार! आणि ही बया वर काचेच्या खोलीत बसून म्हणतेय, भरलंय. आपला जुना कॉमेंट्रीवाला डूली असता तर सरळ म्हणाला असता, ‘मंडळी, आज माणसांपेक्षा सीगल पक्षी जास्त आलेत, आणि सीगलांनी तिकीट काढलेलं नाही.’ ती कॉमेंट्री!

बर्निस : डूलीला सोड आता. तो फ्लोरिडात झिंगे खातोय.

कॅझ : ही पोरगी आली आणि सगळं...

बर्निस : थांब, थांब. टाळ्या वाजल्या. काय झालं?

कॅझ : काही नाही. पाहुण्या संघाची चार माणसं आलीत मिलवॉकीहून, त्यांनी वाजवल्या. आपल्या पुलीडोने बॉल सोडला.

बर्निस : कसा सोडला?

कॅझ : कसा म्हणजे? गाढवासारखा! ए पुलीडो! बटाट्याचं पोतं आहेस का रे? वाक की जरा! आणि तू गं, वरच्या बाई! कुठे आहे गर्दी? दाखव मला गर्दी!

बर्निस : खाली बस, कॅझ. ब्लँकेट ओढलं जातंय.

कॅझ : बसतो. आधी बोलून तरी... अगं, ऐक! रेडिओत ऐक! कोणीतरी ओरडतोय तिच्यावर. ‘दाखव मला गर्दी!’ वा! या गावात निदान एक तरी शहाणा माणूस शिल्लक आहे!

बर्निस : कॅझ.

कॅझ : आवाज बघ कसा खणखणीत! असा माणूस पाहिजे.

बर्निस : कॅझ, तो तूच आहेस.

कॅझ : मी? मी तर गप्प बसलोय!

बर्निस : रेडिओ मागून येतो. इथे झालेलं तिथे पाच-सात सेकंदांनी ऐकू येतं.

कॅझ : ...असं होय. तरी म्हटलं, विचार इतके कसे जुळतात.

बर्निस : सगळ्या गावाने ऐकलं.

कॅझ : ऐकू दे! वर त्यांनी बाहेर माईक टांगलाय ना, गर्दीचा आवाज यावा म्हणून? गर्दी नाहीच, तर त्यात मी येणार. बर्निस, मीच गर्दी आहे आज! ए पिचर! अरे, बॉल टाक, पत्र टाकल्यासारखा हळूच काय सोडतोस! तुझ्या...

बर्निस : तो शब्द नको.

कॅझ : गेला. तोंडातून गेला. आता पाच सेकंदांनी परत येईल बघ.

बर्निस : मला थेंब लागला गालावर.

कॅझ : मलाही. आला पाऊस. थांबवली मॅच. धावतायत सगळे आत. ताडपत्री ओढायला निघाली मंडळी. चल, छपराखालच्या रांगेत जाऊ. माझा हात धर. पायरी आहे. अजून एक. हं, बस.

बर्निस : कॅझ, कोणीतरी येतंय इकडे. तरातरा चालतंय.

कॅझ : लाल कोटातली एक मुलगी आहे. आपल्याच दिशेने... तू काही बोलू नकोस.

मॅरिट : तुम्हीच ना ते?

कॅझ : मी कोण?

मॅरिट : आवाजावरून ओळखलं. मी मॅरिट हाग. ‘वरची बाई’.

बर्निस : बस गं बाळ. मी बर्निस व्रोबेल. हा कॅझ. थर्मासमध्ये कॉफी आहे.

मॅरिट : नको, मला लगेच वर जायचंय. मॅच थांबलीय म्हणून रेडिओ स्टेशनने गाणी लावलीत, तेवढ्यात आले. मिस्टर व्रोबेल, माझ्या प्रत्येक वाक्याच्या बोकांडी तुमचं वाक्य बसतंय. आणि मघाशी पिचरला तुम्ही जे दोन शब्द बोललात, त्याबद्दल स्टेशनच्या मॅनेजरचा मला फोन आला.

कॅझ : कुठले दोन?

मॅरिट : मी नाही उच्चारणार.

बर्निस : मी सांगेन त्याला घरी गेल्यावर.

मॅरिट : आणि पुलीडोची आई! ती तिकडे व्हेनेझुएलात बसून फोनवर रोज आमची मॅच ऐकते. तिला इंग्रजी जेमतेम कळतं. तिने निरोप पाठवून विचारलं, तो माणूस माझ्या मुलाला काय म्हणाला?

कॅझ : ...आई ऐकते त्याची?

मॅरिट : रोज.

कॅझ : मग तू काय कळवलंस?

मॅरिट : कळवलं, की इकडच्या लोकांना बटाटा फार प्रिय असतो.

बर्निस : छान केलंस!

कॅझ : बरं. पुलीडोबद्दल माझं चुकलं. आईसमोर नको होतं बोलायला. पण गर्दीचं काय? डोळ्यांदेखत खोटं बोलतेस तू!

मॅरिट : मालकांची ताकीद आहे, रिकामं म्हणायचं नाही. रिकामं म्हटलं की दुसऱ्या दिवशी आणखी कमी लोक येतात.

कॅझ : डूली म्हणायचा!

मॅरिट : डूलींच्या शेजारी आणखी दोघं बसायची. मी एकटी आहे. मीच बोलायचं, मीच धावा लिहायच्या, मीच गाद्यांच्या दुकानाची जाहिरात वाचायची, आणि मध्येमध्ये हीटरला लाथही मीच घालायची, नाहीतर तो बंद पडतो.

कॅझ : आणि मावशीच्या मांजराच्या गोष्टी? त्याही मालकांनी सांगितल्या? परवा आपला माणूस बेसकडे जीव तोडून धावतोय, आणि तुझं चाललंय, मांजर फ्रिजवर कसं चढलं!

मॅरिट : लोकांना आवडलं ते! नंतर चौकशी केली मांजराची!

कॅझ : मला नाही आवडलं!

मॅरिट : मग आणता कशाला तो रेडिओ? मॅच समोर चाललीय की! सरळ डोळ्यांनी बघा आणि रेडिओ घरी ठेवा. का खास माझ्या चुका काढायला आणता?

कॅझ : कॉफी घेतेस का?

मॅरिट : नाही, मी खरंच विचारतेय.

कॅझ : हौस आहे मला. आमचं आम्ही बघून घेऊ. तू जा वर, हीटरला लाथ घाल.

बर्निस : कॅझ, उगाच तिच्यावर खेकसू नकोस. बाळ, रेडिओ तो माझ्यासाठी आणतो. मला दिसत नाही.

कॅझ : बर्निस, तूच म्हणाली होतीस कोणाला...

बर्निस : म्हणाले होते. आता सांगतेय. कडेकडेचं दिसतं गं थोडं. तुझा कोट लाल आहे ते कळतं. मैदान हिरवं आहे ते कळतं. पण जिथे बघावं तिथेच नेमका डाग येतो. बॉल तर गेल्या उन्हाळ्यातच गेला माझा.

मॅरिट : मला... मला माहीत नव्हतं.

कॅझ : कोणालाच माहीत नाही. मुलीलाही सांगितलेलं नाही.

बर्निस : सांगितलं तर ती येऊन मला ओहायोला घेऊन जाईल. तिथला संघ मला बिलकूल आवडत नाही.

मॅरिट : आणि मी म्हणाले, डोळ्यांनी बघा.

बर्निस : अगं, तुला काय स्वप्न पडलं होतं? आणि मांजर मला आवडलं. फ्रिजवरून उतरलं की नाही ते मात्र तू सांगितलं नाहीस. पण बाळ, एक बोलू? कोणी बॉल जोरात मारला ना, की तू ‘अरे बापरे!’ म्हणतेस आणि गप्प होतेस. मग लोक ओरडतात. कॅझ उठून उभा राहतो, थंड वारा आत येतो. आणि मी तशीच बसलेली असते. बॉल कुठे गेला, कोणी सांगतच नाही.

मॅरिट : ‘अरे बापरे’? मी म्हणते?

बर्निस : दर वेळी.

मॅरिट : ...खरं आहे. मी बघत राहते. बघण्यात इतकी गुंगते की बोलायचं विसरून जाते.

कॅझ : बघ! कबूल केलं!

बर्निस : तू कशाला फुशारतोस? तुला विचारलं काय झालं, तर तू ‘गाढव’ म्हणतोस. गाढवावरून मी काय समजायचं?

मॅरिट : ताडपत्री काढायला लागले. मला पळायला हवं. मिसेस व्रोबेल, वर येऊन बसता माझ्याजवळ? ऊब नाही, पण कोरडं आहे.

बर्निस : नको. इथे गवताचा वास येतो. तू तेवढं बॉलचं बघ.

मॅरिट : बघते. आणि मिस्टर व्रोबेल...

कॅझ : कळलं. नाही ओरडणार.

मॅरिट : ओरडा हो. तुम्ही गप्प बसलात तर माझ्या माईकला नुसते सीगल ऐकू येतील. फक्त ते दोन शब्द सोडा.

कॅझ : कुठले दोन ते सांगितलं असतंस तर... गेली. पायऱ्या दोन-दोन चढतेय.

बर्निस : पुन्हा आपल्या जागेवर चल. लाव रेडिओ.

रेडिओ : ...सातवा डाव, स्टर्जन्सची बॅटिंग. पुलीडो उभा आहे. पिचरने मान हलवली, हात वर नेला, टाकला... मारला! उंच, डाव्या बाजूला! त्यांचा माणूस मागे धावतोय, आणखी मागे, पाठ कुंपणाला टेकली, उडी मारली, आणि झेलला! अगदी कुंपणाच्या काठावर झेलला! पुलीडो अर्ध्या वाटेत हेल्मेट काढून उभा आहे.

बर्निस : दिसलं मला! पण कॅझ, तू आधीच कण्हलास.

कॅझ : मी?

बर्निस : तुला समोर दिसतं, तू कण्हतोस, आणि तिचं सांगणं मागून येतं. तिने ‘उंच’ म्हणेपर्यंत मला कळलेलं असतं की संपलं. माझी मजा जाते.

कॅझ : मग मी काय श्वास धरून बसू?

बर्निस : बस की.

कॅझ : ...

बर्निस : असं नाही, वेड्या! सोड श्वास, मरशील!

रेडिओ : ...नववा आणि शेवटचा डाव. स्टर्जन्स तीन, पाहुणे चार. दोन गडी बाद, तिसरा गेला की मॅच संपली. दुसऱ्या बेसवर आपला बेकेट उभा आहे, तो घरच्या बेसवर पोचला की बरोबरी, आणि बॅट घेऊन पुन्हा एकदा येतोय पुलीडो. मंडळी, आज इथे फार थोडी माणसं आहेत, पण जी आहेत ती... क्षमा करा, मला सांगतायत की आपली वेळ... श्रोतेहो, पाच वाजले आहेत. आता ऐका आजचे शेतीमालाचे भाव. मका...

कॅझ : मका? मका! अरे, शेवटचा डाव चाललाय आणि मका काय सांगतोस! पावसात वेळ गेला तो गेला, आणि यांनी मॅच मध्येच तोडली!

बर्निस : बंद कर तो. आता तू सांग.

कॅझ : मी?

बर्निस : जन्मभर सगळ्या कॉमेंट्रीवाल्यांच्या चुका काढतोस. सांग आता.

कॅझ : बरं. हं. तर मंडळी...

बर्निस : मंडळी कुठेत? मी एकटी आहे.

कॅझ : बर्निस, पुलीडो उभा आहे. जमिनीवर बूट घासतोय. पिचर त्याच्याकडे बघतोय. तोंड आंबट झालंय त्याचं, बहुतेक पाय भिजलेत. टाकला. हा सोडून दिला पुलीडोने, बाहेर होता. आता पुन्हा... टाकला... अरे बापरे!

बर्निस : कॅझ!

कॅझ : अरे बापरे, अरे बापरे...

बर्निस : कॅझ व्रोबेल! बॉल कुठे गेला?

कॅझ : उजवीकडे! जमिनीलगत, दोघांच्या मधून! बेकेट सुटलाय दुसऱ्या बेसवरून, तिसरा गाठला, थांबला नाही, घरच्या बेसकडे येतोय, आपल्यासमोरूनच, चिखल उडवत. त्यांच्या माणसाने बॉल उचलला, फेकला, लांबून, सरळ येतोय, बेकेटने पोटावर झेप घेतली, हात पुढे केला, आणि... आणि कॅचरने त्याच्या हातावर बॉल टेकवला. बोटभर राहिलं होतं गं. बाद.

बर्निस : हरलो?

कॅझ : हरलो.

बर्निस : बेकेट काय करतोय?

कॅझ : तसाच पडलाय चिखलात. पुलीडो त्याच्याकडे चालत आला. हात दिला, उठवतोय त्याला. पाठीवर थाप मारली. हा पुलीडो तसा... तसा बरा पोरगा आहे.

बर्निस : मॅच चांगली झाली.

कॅझ : हरलो की आपण.

बर्निस : ते वेगळं. आता कोण आहे इथे?

कॅझ : कोणी नाही. मिलवॉकीवाले पण गेले. सीगल उतरलेत खुर्च्यांवर. आणि वर काचेत ती मुलगी आहे अजून, लाल कोट घालून. उभी राहून आपल्याकडे हात हलवतेय.

बर्निस : मीही हलवते. कुठे आहे ती?

कॅझ : थोडं डावीकडे. आणखी जरा वर. हं. तिथेच.