बरणीतली वाढ

कराडच्या स्टँडवर इस्लामपूरची गाडी काही लागेना. लेकीसाठी स्थळ बघायला निघालेली चंद्राबाई नवऱ्याशेजारी बसली होती, पण तिचे कान पलीकडच्या बाकावर. तिथं कॉलेजची दोन पोरं मांडीवर बरण्या घेऊन भांडत होती. काही बरण्यांत चांगला गाळ होता, काहींत नदीचा, आणि नदीचा गाळ बाधतो का ते बघायला त्यांत सोडलेले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव.

"एकही मेला नाही, अर्शिया. नदीचा गाळ चांगला, लिहून टाकू."

"मेला नाही म्हणजे बरं चाललंय असं होतं का, जयराज? वाढ मोजायची की पिल्लं, ते ठरव."

"पिल्लं नको. चांगल्या गाळातसुद्धा एकीला होतात, दुसरीला नाही. दोष कुणाला देणार?"

"मग वाढ. चांगल्या गाळातले केवढे झाले, नदीच्या गाळातले केवढे."

"पोरी, खायाला घालता का त्यास्नी?" चंद्राबाईला राहवेना.

"दोन्हीकडं सारखंच, मावशी. तरी नदीच्या गाळातले खुरटलेत."

चंद्राबाई नवऱ्याकडं वळली.

"आवं, त्या घरची थोरली सून कशी हाय म्हनालात?"

"धा वर्सं नांदतीया. कवा तक्रार न्हाई."

"म्हंजे मेली न्हाई, एवढंच की."

"आगं, ते बरणीतलं किडं हायती."

"व्हय. थोरलीचं माहेर वाटंवर कासेगावात न्हवं?"

"हाय की. का?"

"आदी तितं उतरू. लग्नाआदी अंगानं कशी हुती, इचारू."

"आन पावणं पोहं करून बसलं असतील, त्याचं?"

"बसू द्यात. आपुन न्हाई गेलो तर थोरली तरी खाईल."