खणखणीत फरशी

बायको: उद्या अकराला सह्या, आणि आज तुम्हाला भाड्याचं घर गोड वाटायला लागलं?

नवरा: गोड नाही गं. बरं पडतं, एवढंच म्हणतोय. काही मोडलं-फुटलं तर मालक बघतो.

बायको: मालक आपल्यालाच बघतो! महिनाअखेर खोली खाली करा म्हणाला, विसरलात? का, तर माझ्या शिलाई मशीनच्या घरघरीनं खालच्या बाईंचं डोकं उठतं. नऊ वर्षांत पाचवं घर. दर वेळी बांधाबांध, दर वेळी नवी गिऱ्हाइकं जोडा.

नवरा: दुसरं बघू एखादं.

बायको: दीड वर्ष पायपीट केलीय मी. तुम्ही हे तरी बघायला आलात?

नवरा: काम होतं.

बायको: म्हणून एकटीनं पारखलं. तुम्ही शिकवलंय तसं नाणं घेऊन एकेक फरशी वाजवली. बाथरूममध्ये तर गुडघ्यांवर बसून. एकही पोकळ नाही, सगळ्या खणखणीत. एजंट बघतच राहिला. म्हटलं, फरशीवाल्याची बायको आहे मी!

नवरा: खणखणीत वाजणारच.

बायको: म्हणजे?

नवरा: मीच बसवल्यात.

(मशीन थांबतं.)

बायको: तिथं? तुम्ही?

नवरा: तेव्हा बिल्डिंगला नाव नव्हतं. गोदामामागची साइट म्हणायचो आम्ही. परवा तू पत्ता दाखवलास, तेव्हा ओळखली.

बायको: अहो, मग चांगलंच की! स्वतःच्या हातचं घर. तोंड का पाडलंय?

नवरा: बाथरूमला आधी वॉटरप्रूफिंग करतात. मग दोन दिवस पाणी भरून ठेवायचं, खालच्या छताला ओल येत नाही ना बघायचं, आणि मग फरशी. कंत्राटदार म्हणाला, ताबा द्यायची तारीख आलीय, एवढा वेळ कुणाला आहे? टाक सरळ फरशी.

बायको: आणि तुम्ही टाकलीत.

नवरा: टाकली.

बायको: एकाच घरात?

नवरा: अख्ख्या विंगमध्ये. अठ्ठावीस घरं. वर्ष-दोन वर्षं कळत नाही. मग भिंतींना पोपडे धरतात, खालच्यांच्या छतातून थेंब पडायला लागतात.

बायको: मला वाटलं, कर्जाला घाबरलात. मनातल्या मनात भित्रा म्हणत होते तुम्हाला.

नवरा: बरोबरच म्हणत होतीस.

बायको: मला ते घर हवं होतं हो. खिडकीपाशी मशीन कुठं ठेवायचं, तेसुद्धा ठरवलं होतं.

नवरा: माहितीय.

बायको: एजंटला नाही म्हणून कळवते. पण तिथल्या खालच्या मजल्यावरच्या ताईंना काय सांगू? घर बघून दमले होते, तर त्यांनी बसवून पाणी दिलं, वर स्वतःहून नंबर दिला. तान्हं बाळ आहे त्यांच्याकडे. म्हणाल्या, तुम्हीच या शेजारी.

नवरा: सांग, नवऱ्याला पसंत नाही पडलं.

बायको: आणि छत गळायला लागल्यावर?

नवरा: बोललो तर उद्यापासून कुठला कंत्राटदार उभं करेल मला?

बायको: नाही करणार. मी शिवते आहे ना. खाऊ त्यात.

नवरा: तू कुणाला फोन लावतेयस?

बायको: ताईंना. घ्या. रिंग जातेय.