हुसेनमामूची ओळख

माझं माहेर आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीकडलं अन् सासर उमरग्याच्या पार खाली, जिथं अर्धं गाव मराठी बोलतं अन् अर्धं कानडी. लग्नात मी एवढीशी व्हते, काय सांगू तुला पोरी, मांडवात झोप लागली म्हणून सासूनं चिमटा काढला, तो अजून आठवतो. माझ्या हातात लग्नाचा चुडा भरला हुसेनमामूनं. मामू म्हंजे आमच्या गावचा मणियार, बांगड्या भरणारा. परक्या बाप्यानं बाईच्या हाताला हात लावला तर डोकी फुटायची, पर मामूला समद्या घरांत मोकळीक, सासवा त्याला गूळपाणी द्यायच्या अन् सुना आपली रडगाणी सांगायच्या. माझा हात दाबून दाबून बारीक केला अन् म्हणाला, रो नको बेटी, रो नको, सासू देखती.

तवा मोगलाई व्हती, निजामाचं राज्य. ते तसंच चालायचं, आमी आपलं खात-पीत व्हतो. मग निजामाच्या बाजूचे ते रझाकार आले, खाकी कपड्यातले, बंदुका तलवारी घेऊन, आज ह्या गावात तर उद्या त्या गावात. आमच्याकडली तरणी पोरं सरहद्द ओलांडून पल्याडच्या छावणीत जायची, तिथून येऊन निजामाची जकातनाकी जाळायची, पळून जायची. माझा दीर नरसू, तोबी गेला. तो गेला अन् आमच्या घरावर रझाकारांचा डोळा बसला. आमचे मालक साधे व्हते, बैलाला शिवी द्यायची तरी आजूबाजूला बघायचे. ते म्हणायचे, नरसूनं केलं ते नरसू बघंल, आपल्याला कोण काय करतंय.

आमच्याकडं अवसेला बांगड्या भरत न्हाईत, हे बारक्या पोरीलाबी ठाव असतं. त्या दिवशी अवस व्हती, भर दुपार, मी भाकरी थापत व्हते अन् मागल्या बोळातून मामूची हाळी आली, चुड्या घ्या चुड्या, लाल चुड्या. आवाज असा की कुणी नरडं धरलंय. एकदा, मग परत, मग परत. मालकांनी माझ्याकडं बघितलं, म्या त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी सोनाला, माझ्या लेकीला, उचलून माझ्या हातात दिलं अन् मला भिंतीवरून ज्वारीत ढकललं. म्या म्हणलं तुम्हीबी चला, तर म्हणाले आई तापानं पडलीय, तिला टाकून कुठं येऊ. तेवढंच बोलले.

ज्वारीतनं म्या समदं बघितलं. मामू म्होरं, हात दोरीनं बांधलेले, तोंडातनं रगत, आमच्या घराची वाट त्याला दाखवायला लावलेली, अन् मागं ते. मालकांना दारातनं वढून काढलं. भाऊ कुठाय म्हणून विचारलं, हे म्हणाले ठाव न्हाय. पहिला वार खांद्यावर बसला. हे खाली बसले, उठायला लागले, तवा मानेवर दुसरा. मग घराला आग लावली, सासू आतच. म्या सोनाचं तोंड असं दाबलं व्हतं की ती निळी पडली. मामूला त्यांनी लाथा घातल्या अन् बांधावर टाकून गेले.

तिथनं सोलापूर. कसं गेलो ते इचारू नको, दिवसा पिकात अन् अंधारात वाटेनं. सोलापूर म्हंजे गिरण्या, धूर, माणसांवर माणसं. रस्त्याच्या कडंला समदी आमच्यासारखीच, मोगलाईतनं पळून आलेली, डोक्यावर छप्पर न्हाय. तिथं आपल्याच भागातल्या व्यापाऱ्यांनी मिळून एक कापसाचं गोदाम घेतलं व्हतं, बेघर माणसांसाठी. लोक त्याला मोगलाईचं गोदामच म्हणायची. त्याचा कारभार बघायचे आप्पा, लिंगायत माणूस, धोतर पांढरंफेक अन् तोंडात निम्मं कानडी, कुणाही बाईला अव्वा, म्हंजे आई, म्हणायचे. रोज सकाळी दारोदार झोळी घेऊन जायचे, जुनी लुगडी, पोती, ज्वारी, काय मिळंल ते आणायचे. मोठ्या कढईत कण्या शिजायच्या. पाण्याच्या नळावर बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, घागरीनं टाळकी फोडायच्या, अन् रात्री एकाच पोत्यावर निजायच्या. आप्पा म्हणायचे, रझाकारांसंगं अशा भांडला असता तर मला गोदाम घ्यावं लागलं नसतं. मी कण्या ढवळायला लागले अन् तिथलीच झाले.

त्या गोदामाचा एक नियम व्हता. दारात नवं माणूस आलं की आतल्या कुणीतरी ओळख द्यायची, हा आमच्या गावचा, मी ह्याला जाणते. कारण मधी रझाकारांचा एक हेर शिरला व्हता, त्यानं नावं नेली अन् मागं गावात राहिलेली त्या लोकांची माणसं कापली गेली. ओळख न्हाय तर आत न्हाय, मग म्हातारं असो का बाळंतीण.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम पडला. लोक नाचली. नरसू मला न्यायला आला, वहिनी चल, जमीन आपलीच हाय, घर बांधू. म्या बोचकं बांधलं. अन् त्याच सकाळी दारात हुसेनमामू उभा. डोक्याला चिंधी गुंडाळलेली, ती वाळून काळी झालेली. आता उलटं झालं व्हतं ना, जे रझाकारांनी केलं ते गावागावात गोरगरीब मुसलमानांवर निघालं. त्याचा ल्योक त्याच्या डोळ्यादेखत मारला, घर जाळलं. कुणी मारला ते तो बोलला न्हाय. नरसूनं खाली बघितलं, ते म्या बघितलं.

आप्पांनी विचारलं, ओळख कोण देतंय? दाढी बघून समदं गोदाम उठलं. समद्यांचं कुणी ना कुणी मेलेलं. कुणी धोंडा उचलला, कुणी म्हणलं कापा त्याला. नरसू वराडला, हा त्यांच्या म्होरं चालत व्हता, आख्ख्या गावानं बघितलंय. म्या म्हणलं, भावजी, दोरीनं बांधलेला माणूस म्होरंच चालतो. त्यानं हाळी दिली म्हणून मी अन् सोना जित्या हाय. तो म्हणाला, गप बस, बाईच्या जातीला काय कळतंय. म्या आप्पाकडं बघून म्हणलं, आमच्या गावचा हाय, मी देते ओळख.

नरसूनं चुलीतलं लाकूड उचललं. पहिला दणका मामूच्या पाठीवर बसला, म्हातारं पालथं पडलं. दुसरा डोक्यात बसणार, तवा मी मधी हात घातला. मनगटाचं हाड मोडलं, सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला, म्या स्वतः ऐकला. दुसऱ्या हातानं पळी भरली अन् उकळत्या कण्या नरसूच्या तोंडावर मारल्या. तो गुरावानी वराडला. आप्पा म्हणाले, ओळख मिळाली, दार लावा. अन् नरसूला धरून बाहेर काढलं.

बाहेरनं तो म्हणाला, भावाच्या खुन्याला पोसतीस, आजपासनं आमच्या घरी तू मेलीस. तसंच झालं. जमीन गेली, गाव गेलं. मामूमुळं काही माणसं गोदाम सोडून गेली, दोन-तीन व्यापाऱ्यांनी आप्पाला दाणे देणं बंद केलं, पर आप्पानं झोळी सोडली न्हाय. मामू कोपऱ्यात सरपण फोडत बसायचा, कुणाशी बोलायचा न्हाय. त्या थंडीत गेला. गिरणीतल्या त्याच्या जातवाल्यांनी येऊन माती द्यायला नेला.

मी तिथंच कण्या शिजवून सोनाला वाढवलं. ती इथं उमरग्यात दिली, म्हणून म्हातारपणी मी इथं. हे मनगट वाकडं राहिलं, भाकरी एका अंगाला जाड होती, जावई हसतो.

नरसू परवाच्या साली वारला. मी गेले व्हते. त्याचा गाल चट्ट्याचाच व्हता शेवटपर्यंत. कुणी बस म्हणलं न्हाय, कुणी जा म्हणलं न्हाय. रडू आलं, कुणासाठी आलं ते अजून कळलं न्हाय. पस्तावा न्हाय मला. जमिनीचं मातर वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू, काळीभोर व्हती, हरभरा असा गुडघ्याला लागायचा. चाललंय, देवानं चालवलंय. ऊठ आता, दिवस कलला, सासू वाट बघत असंल तुझी. लेकराबाळांत सुखी राहा.