उजवा दंड

आश्रुबा : देवी टोचून झाल्या न्हवं? गावातली समदी लेकरं टोचली तुमी. आता गाडी जुंपायची सोडून परत चावडीत येऊन कावून बसलाव?

बद्रीनाथ : एका पोरीबद्दल विचारायचंय, पाटील. मंजुळा, बाप सटवा. तुम्हीच दिलेल्या यादीत सात वर्षांची लिहिलीय.

आश्रुबा : सटवा पलेगात गेला. तीन वर्सं झाली.

बद्रीनाथ : मग पोरगी असते कुणाकडं?

आश्रुबा : थोरल्या चुलत्याकडं. शहादेवकडं. शहादेव माझा सख्खा मेव्हना हाय. माझी मंडळी त्या दोगा भावांची भैन. हे आदीच सांगून टाकतो, मागून तुमाला वाटंल पाटलानं लपवलं.

बद्रीनाथ : तिच्या दंडावर भाजल्याचे डाग आहेत. चार.

आश्रुबा : डाग दिले आसतील. लेकराचं पोट धरलं, मुडदूस झाला, की देत्यात आमच्याकडं. तुमी मोमिनाबादेत ऱ्हाता, सरकारी दवाखान्यात. तुमाला काय ठावं हितलं?

बद्रीनाथ : बारा वर्षं झाली मला देवी टोचत हिंडताना. दंडच बघतो मी, दुसरं काय बघतो? औषधाचा डाग पोटावर देतात. आतल्या बाजूला, काखेजवळ, कुणी औषध देत नाही. आणि एका दिवसाचे नाहीत ते. एक पांढरा पडलाय. दोन खपलीवर आलेत. एक ओला होता, पाटील. चोळीला चिकटला होता.

आश्रुबा : चुलीपाशी भाजत्यात लेकरं.

बद्रीनाथ : चार वेळा? त्याच दंडाला? आणि गोल?

आश्रुबा : गोल म्हंजी कसं?

बद्रीनाथ : रुपयापेक्षा जरा मोठा गोल. नुसती कड भाजलेली, मधली कातडी चांगली. आणि चारही गोल एका जागी तुटलेले. जे काही लावलं, त्याच्या कडेचा टवका उडालेला असणार. काय झालं?

आश्रुबा : काय न्हाई.

बद्रीनाथ : मग ओठ का चाचपताय?

आश्रुबा : दुपारी तुमी मुंजाजीकडं जेवलाव न्हवं?

बद्रीनाथ : जेवलो.

आश्रुबा : मंग बरूबर हाय. मुंजाजीचं आन् शहादेवचं बांधावरून वाकडं हाय. त्यानं तुमचे कान भरले.

बद्रीनाथ : मुंजाजी सगळा वेळ आपल्या आजारी म्हशीबद्दल बोलला. त्याचा काही संबंध नाही. बरं, पोरीला घेऊन आलेली ती बाई कोण?

आश्रुबा : केशर. सटवाची दुसऱ्यांदाची बायकू. म्हंजी मंजुळीची सावत्र आई. हां, आता बगा. सावत्र हाय ती. तुमीच समजा काय समजायचं ते.

बद्रीनाथ : माझाही संशय तिच्यावरच आहे. पोरगी तिचं लुगडं मुठीत धरून उभी होती, पण तोंडातून अक्षर नाही. बाकीची लेकरं पातं बघून बोंबलली. ही रडली नाही की हात मागं घेतला नाही. मी डावा दंड दाखव म्हटलं, तर बाईनं उजवा पुढं केला. पुन्हा डावा म्हटलं, पुन्हा उजवाच. मला वाटलं बाईला डावं-उजवं कळत नाही. बोलवा तिला.

आश्रुबा : बाईमानसाला चावडीत?

बद्रीनाथ : पायरीशी उभी राहू दे.

आश्रुबा : आरं ए बंकट कोतवाल, शहादेवच्या घरला जा. केशरला म्हन, टोचनारे बोलवत्यात. शहादेव रानात हाय न्हवं? मंग जा, बिगीबिगी ये. — आन् तुमी एक ध्यानात ठिवा, साहेब. शहादेवनं मागल्या दुस्काळात घरचं जवारीचं पेव उघडून गाव जगवलं. त्याच्या घरावर शब्द आला तर गाव माझ्यावर उलटंल. तुमी उद्या दुसऱ्या गावाला जाणार.

बद्रीनाथ : मी शहादेवचं नावच घेतलं नाही, पाटील. तुम्हीच सारखं घेताय.

आश्रुबा : आली बगा. थांब, केशर, तिथंच थांब. पदर घे, पर खरं बोल.

केशरबाई : काय इचारायचंय, दाजी?

बद्रीनाथ : मी विचारतो. मंजुळाचा दंड कशानं भाजला?

केशरबाई : इस्तवानं.

बद्रीनाथ : ते मलाही दिसलं. लावला कुणी?

केशरबाई : दाजी हितं बसल्यात. त्येच सांगतील.

आश्रुबा : मला काय ठावं तुमच्या घरातलं?

केशरबाई : रोज सांजच्याला येताव की घरी बसाया.

आश्रुबा : तोंड सांभाळ!

बद्रीनाथ : बाई, तुमच्याकडं बोट जातंय हे समजतंय का? सावत्र आई आहात. मी तक्रारीची दरखास्त लिहिली तर पहिलं नाव तुमचं येईल.

केशरबाई : येऊ द्या.

बद्रीनाथ : म्हणजे तुम्ही केलंत?

केशरबाई : मी तसं म्हनले न्हाई. येऊ द्या म्हनले. कुनाचं का हुईना, नाव लिवा. कागुद मोमिनाबादेला जाऊ द्या.

बद्रीनाथ : कुणी भाजलं ते सांगत का नाही?

केशरबाई : मला परत त्याच घरात जायचंय. आन् पोरीला बी. जाऊ मी? भाकरी व्हायच्यात.

बद्रीनाथ : थांबा. पाटील, पोरगी आज त्या घरात राहायची नाही. तुमची मंडळी तिची सख्खी आत्या. आठ दिवस तुमच्या घरी ठेवा.

आश्रुबा : शहादेवला काय सांगू?

बद्रीनाथ : सांगा, सरकारी हुकूम आहे. जखम आहे म्हणून हिला वेगळी ठेवायची, धुरात-शेणात जाऊ द्यायची नाही. आठव्या दिवशी मी टोचलेलं धरलं का ते बघायला येतोच. दरखास्त मात्र आज रात्रीच्या मुक्कामावरून पोलिसांच्या अमीनसाहेबांकडं जाईल. पोलीस येतील. केशरबाई, तुम्हाला चालेल?

केशरबाई : आत्याकडं? चालंल. पर दाजी, आत्याबाईला म्हनावं, सकाळी पोरीवर वरडू नगा. कायबी झालं तरी.

आश्रुबा : काय व्हणार हाय सकाळी?

केशरबाई : काय न्हाई. वरडू नगा, इतकंच.

(आठ दिवसांनी, त्याच चावडीत.)

बद्रीनाथ : शहादेवच्या दाराला कडी. आत चिटपाखरू नाही. वाटेत दोघांना विचारलं, दोघांनी तोंड फिरवलं. पोरगी कुठंय, पाटील?

आश्रुबा : बसा.

बद्रीनाथ : बसत नाही. आधी पोरगी दाखवा.

आश्रुबा : माझ्या घरी हाय. आत्या न्हाऊ घालतीय तिला. केशर बी तिथंच व्हती, ती काय यायलीय हिकडं. बसा आता.

बद्रीनाथ : अमीनसाहेब आले होते?

आश्रुबा : परवा. दोन शिपाई घेऊन. गाव गोळा झालं. शहादेवनं हात जोडून सांगितलं, सावत्र आई हाय, पोरीचा दुस्वास करती. त्याच्या मागून सोळा मानसं उठली, समद्यांनी तेच सांगितलं. कुनी म्हनालं उलथन्यानं डागती, कुनी म्हनालं पळीनं. अमीनसाहेबानं शिपायाला सांगितलं बी, बाईला घ्या म्हनून.

बद्रीनाथ : आणि बाई?

आश्रुबा : पदर खोचला. चालाया लागली शिपायामागं.

केशरबाई : रामराम, साहेब. मी काय बोलनार व्हते? सोळा जन एकीकडं. मला वाटलं, मी गेले तरी पोरगी आत्याकडं ऱ्हाईल. तेवढं झालं तर झालं.

बद्रीनाथ : पण मग तुम्ही सुटलात कशा?

केशरबाई : दाजीस्नी इचारा.

आश्रुबा : कसं सांगू? पैल्या दिशीच मला कळलंतं, साहेब. तुमी म्हनलाव ना, गोल एका जागी तुटलाय? शहादेवची चिलीम हाय. तिच्या तोंडाचा टवका उडालाय, जत्रंत दगडावर पडली व्हती तवा. चार वर्सं मी तीच चिलीम वढतोय त्याच्या वसरीवर बसून. तुमी बोलताना माझ्या व्हटाला तो टवका लागला.

बद्रीनाथ : आणि तरी तुम्ही मला मुंजाजीचं सांगितलंत.

आश्रुबा : सांगितलं. बायकूचा भाऊ हाय. दुसऱ्या कुनीतरी वढली आसंल, केशरनंच घेतली आसंल, आसं मनाला सांगत बसलो. तिसऱ्या दिशी सकाळी वसरीवर मी चिलीम पेटवली. माझी, घरची. मंजुळी उठून आली. लुगड्याचं धडपं वलं झालं व्हतं, अंथरून भिजवलं व्हतं तिनं. मी काय बोललो न्हाई. आईशपथ, एक शब्द न्हाई. ती माझ्यापुढं येऊन हुबी ऱ्हायली, चोळी वर सारली, आन् उजवा दंड पुढं केला.

बद्रीनाथ : स्वतःहून?

आश्रुबा : सवताहून. डोळे मिटून घेतले. मी चिलीम खाली ठिवली तरी डोळे उघडंना. मंडळी दारात हुबी व्हती. तिनं बगितलं.

बद्रीनाथ : त्या काय म्हणाल्या?

आश्रुबा : म्हनाली, त्यो माझा भाऊ हाय. आन् ही बी माझ्याच भावाची हाय. मंग आत गेली आन् पोरीचं अंथरून धुवून वाळत घातलं. परवा अमीनसाहेब आले तवा तिनंच मला म्हनलं, पाटील, जावा आता चावडीत.

बद्रीनाथ : आणि तुम्ही जबानी दिलीत.

आश्रुबा : दिली. सोळा जनांपुढं. शहादेवच्या कोनाड्यातली चिलीम बंकटला आनाया लावली, पोरीच्या दंडाशी धरली. टवका टवक्याला मिळाला. अमीनसाहेबानं शहादेवला इचारलं. त्यो म्हनाला, अंथरून भिजवती, तिची खोड मोडत व्हतो, पोर आमची हाय. म्हंजी गुना केला आसं त्याला वाटतच न्हाई, साहेब. मलाच म्हनाला, दाजी, तुमी लेकरं वाढवली न्हाईत का?

बद्रीनाथ : त्याला नेलं?

आश्रुबा : मोमिनाबादेला नेलं. घरातली समदी त्याच्या मागं गेली. जामिनावर सुटंल, परत बी यील. शिक्षा व्हईल का न्हाई, खुदा जाने. गाव मला रामराम घालत न्हाई. तुमी पैले, आज चावडी चढलेले.

बद्रीनाथ : केशरबाई, मी तुमच्यावर संशय घेतला. चूक झाली माझी.

केशरबाई : समद्यांनीच घेतला. तुमी तर परगावचे.

बद्रीनाथ : पण त्या दिवशी दोनदा डावा दंड मागितला मी...

केशरबाई : ठावं हाय मला डावा कोनता ते. भाकरी कोनत्या हातानं थापते मी? भायापुढं, थोरल्या दिरापुढं, आमच्यात बाईनं तोंड उघडायचं नसतं. आत्याबाईला सांगावं तर त्यांचा भाऊ. दाजीला सांगावं तर ते सांजच्याला तिथंच बसनार. मंग दवंडी झाली, सरकारचा मानूस यतोय, लेकरांचे दंड बगतो. रातभर म्हनत व्हते, बगंल का? तुमी पैल्यांदा नीट बगितलंच न्हाई. म्हनून परत उजवाच दिला.

बद्रीनाथ : आणि मी चिडलो.

केशरबाई : चिडलाव, पर बगितलं.

आश्रुबा : केशर, मागं तू कुनाला सांगायचा यत्न केलास का गं? खरं सांग.

केशरबाई : एकदा. तुमच्या म्होरंच, दाजी. गेल्या पोळ्याला तुमी वसरीवर बसलाव व्हता. मी पानी घिऊन आले, म्हनले, पोरीचा हात दुखतोय. तुमी म्हनलाव, तेल लाव.

आश्रुबा : मला याद न्हाई.

केशरबाई : नसंल.

बद्रीनाथ : आता पुढं काय? या गावात राहणार?

केशरबाई : ऱ्हाऊन कसं जमंल? घाटनांदूरला माझा भाऊ हाय. अमीनसाहेबानं लिवून दिलंय, तपास व्हईस्तवर पोरगी माझ्यापाशी. भावाची गाडी आलीय, हनुमानाच्या पाराशी थांबलीय.

बद्रीनाथ : जाण्याआधी मला तिचा हात बघू द्या. डावा. टोचलेलं धरलं का ते लिहायचंय.

आश्रुबा : मंडळी घिऊन आली बगा तिला. ये, मंजुळे. ह्ये टोचनारे. कायबी करनार न्हाईत, नुसतं बगतील.

बद्रीनाथ : हां. धरलंय. चांगला फोड आलाय. खाजवू नकोस, बाळ. आणि तो दुसरा हात? नको, चोळी वर नको करूस. राहू दे. पाटील, तिला सांगा, राहू दे म्हणावं.

आश्रुबा : ऱ्हाऊ दे, लेकी. खाली घे हात. खाली.

केशरबाई : मी घेते तिला. चल, मंजुळे. येते, दाजी. आत्याबाई, येते.

आश्रुबा : केशर, ऊन लई हाय. वाटंला काय लागलं तर सांग. भाकरी दिल्यात बांधून, कांदा हाय, गूळ हाय. आनखी काय देऊ?

केशरबाई : एक घागर पानी द्या गाडीत. आन् माझ्या भावाला सांगा, झाडाखाली मधी मधी थांबत जा. अंथरून भिजंल या भ्यानं पोरीनं पानी पिनंच सोडलंय. तहान लागली तरी सांगत न्हाई. आपनच इचारावं लागतं.